लिलीज ऑफ द फील्ड: होमर मदतीला आलेल्यांवरच का चिडतो?

रातपाखरू:
१९६३ चा सिडनी पॉइटिएवाला पिक्चर शेवटी बघितला. गाडीत पाणी घालायला ॲरिझोनाच्या वाळवंटात थांबलेला होमर, त्या पाच नन्स त्याला देवानेच धाडलाय असं धरून चालतात, छप्पर दुरुस्त झालं तरी मजुरीचं नाव नाही, वर चॅपल (छोटं चर्च) बांधून दे म्हणतात, इथवर मजा आली. पण गावातले मेक्सिकन लोक विटा घेऊन मदतीला येतात तर हा तोंड फुगवून बसतो. हे काय? मला तरी तो भाग ओढूनताणून वाटला.

टाचणी:
ओढूनताणून कसा, तिथेच तर पिक्चर आहे! त्याला आर्किटेक्ट व्हायचं होतं, पैशाअभावी शिकता आलं नाही, आयुष्यात एक इमारत 'माझी' म्हणायची संधी मिळाली आणि त्यात अख्खं गाव हात घालतंय, मग चिडणार नाही तर काय. नंतर सगळे आपापल्या मनाने बांधायला लागून गोंधळ होतो तेव्हा हाच मुकादम होतो ना.

झोपाळू बोका:
मला तर बायबलवरची जुगलबंदी बेस्ट वाटली, हा मजुरीसाठी एक वचन काढून दाखवतो आणि नन्सची प्रमुख मदर मारिया शांतपणे, कष्ट न करताही देव ज्यांना सजवतो त्या लिलीच्या फुलांचं वचन पुढे करते, संपला विषय 😂 आणि हॉटेलवाला हुआन! देव मानत नाही पण मदत करतो, का तर इन्शुरन्स म्हणून.

टाचणी:
हुआन भारीच. बाय द वे, होमरला 'बॉय' म्हणून (कृष्णवर्णीयांना हिणवायचा शब्द) हाक मारणारा तो कॉन्ट्रॅक्टर म्हणजे खुद्द दिग्दर्शक राल्फ नेल्सन. होमरही त्याला तसंच 'बॉय' म्हणतो. त्या काळात हे पडद्यावर दाखवणं सोपं नव्हतं. होमरच्या रोलसाठी पॉइटिएला १९६४ मध्ये ऑस्कर मिळालं, बेस्ट ॲक्टर मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय नट. होमर गातो ते 'आमेन' गाणं मात्र पॉइटिएच्या आवाजात नाही, जेस्टर हेअरस्टनने गायलंय.

रातपाखरू:
अच्छा, इमारत 'माझी' म्हणायची म्हणून होमर वर क्रॉसपाशी ओल्या सिमेंटात नाव कोरतो, खालून कुणाला दिसणारही नाही अशा जागी. पटलं. पण मग न सांगता रात्री निघून का जातो?

झोपाळू बोका:
थांबला असता तर मदर मारियाने पुढचं काम तयारच ठेवलं होतं की! आणि इंग्लिश शिकवता शिकवता तिच्या तोंडून थँक्यू वदवून घेतलंच ना त्याने, तोच त्याचा पगार.