मदत हवी आहे: दुर्गम, थंड नदीवरच्या बोटीचा विमा

सपाट तळाची अॅल्युमिनियमची बोट, जेट आउटबोर्ड (बाहेरच्या पंख्याऐवजी पाणी आत ओढून मागे फेकणारं इंजिन). जातो तिथे रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. हंगाम बर्फ फुटल्यापासून काठाशी पुन्हा पापुद्रा धरेपर्यंत. वापर फक्त घरगुती, बोटीवर कर्ज नाही, सॅटेलाइट मेसेंजर सोबत असतो.

तीन पॉलिसी शब्दन् शब्द वाचल्या. एकीची नौकानयनाची हद्द आमच्या पट्ट्याच्या खूप अलीकडेच संपते. दुसरीत ठरलेल्या तारखेनंतर बोट पाण्याबाहेरच हवी, नाहीतर क्लेम नाही. आमच्या शेवटच्या फेऱ्या नेमक्या त्यानंतरच्या. तिसरी घसारा न कापता ठरलेली किंमत देते, पण बर्फाने किंवा गोठण्याने झालेलं नुकसान वगळते.

खरी काळजी बोट बाहेर काढण्याची आहे. गेल्या हंगामाच्या शेवटी इंजिन पाणी ओढतं त्या तोंडाची (इनटेकची) जाळी बर्फाच्या चुऱ्याने गच्च भरली, इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि प्रवाहाने आम्हाला गोट्यांच्या उथळ्यावर नेऊन टाकलं. सुटलो, पण तिथून बोट हेलिकॉप्टरने उचलावी लागली असती तर खर्च बोटीच्या किमतीपुढे गेला असता. पॉलिसीत टोइंगसाठी (बोट ओढून नेण्यासाठी) मिळणाऱ्या रकमेची मर्यादा तिथे काहीच कामाची नाही. एजंट तोंडी 'सगळं कव्हर आहे' म्हणतात, लेखी देत नाहीत.

ज्यांनी अशा ठिकाणाहून बोट काढून क्लेम घेतलाय त्यांना विचारतो: तो खर्च बोटीच्या विमा रकमेतूनच वळता झाला की वेगळा मिळाला, आणि हद्द व तारीख वाढवून घेताना पॉलिसीत नेमके कुठले शब्द लिहून घेतलेत?