प्रतिसाद: फोटोपलीकडचं काम

वर एकांनी लिहिलंय की हे लायन्ससारखे समाजसेवेचे क्लबवाले चार वह्या वाटतात आणि बॅनर धरून चौदा जण फोटोत उभे राहतात. खोटं नाही! आमच्याकडेही हे होतं. पण देणग्यांचा पैसा यांच्या जेवणावळींवर उडतो, हा गैरसमज दूर करावासा वाटतो.

वडील लायन्स क्लबमध्ये होते. लायन्सचा नियमच आहे की लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामाला लागला पाहिजे. त्यामुळे खाती दोन. सभासदांच्या वर्गणीतून जेवणावळी, हॉलभाडं. देणग्यांच्या खात्याला त्यासाठी हात लावायचा नाही. वडील खजिनदार असताना चहाच्या बिलावरूनसुद्धा वाद झालेले आठवतात.

पैसा उभा कसा करायचे? नाटकाचा प्रयोग ठरावीक रकमेला घ्यायचा आणि तिकिटं दारोदार खपवायची. पहिल्या रांगा व्यापाऱ्यांच्या गळ्यात, मागच्या नातेवाइकांच्या. शिवाय स्मरणिकेच्या जाहिराती. त्यातून मोतीबिंदूची शिबिरं व्हायची. १९२५ साली हेलन केलर या अंध आणि बधिर लेखिकेने लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम या मंडळींनी सोडलेलं नाही.

शिबिरात खरी मेहनत ऑपरेशननंतरची. म्हाताऱ्या माणसांना गावी पोचवायचं, थेंब वेळेवर घालतात का ते बघायचं, तपासणीला परत आणायचं. तिथे मात्र चौदातले तिघेच दिसायचे, आणि फोटो काढायला कुणी नसायचं.

तुमच्या गावातल्या क्लबची पारख करायची असेल तर शिबिराच्या दिवशी नको, आठवड्यानंतर जा.