भाड्याचं घर: बिनलिफ्टची जुनी बिल्डिंग की टॉवर?

दुसरा मजला

आमच्या ऑफिसात नाशिकचा एक मुलगा नवीन लागलाय. लग्नाला चार महिने झालेत, बायकोची नोकरी अंधेरीत. "दादा, घर बघायला सोबत या" म्हणाला म्हणून गेल्या रविवारी गेलो. दलालाने आधी मालाडला चोविसाव्या मजल्यावर नेलं. खाली पोहण्याचा तलाव, जिम, लॉबीत सोफे. पोरगा तिथेच विरघळला. मग मी त्याला पार्ले पूर्वेला एका तीन मजली बिल्डिंगीत ओढून नेलं. आमच्या मागच्याच गल्लीत, मालक ओळखीचे. त्याने जिन्याकडे बघितलं आणि विचारलं, "लिफ्ट नाही?" तिथून जो वाद सुरू झाला तो रिक्षात संपला नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर चर्चेला आणतोय.

माझं मत सरळ आहे. हातीपायी धड असाल आणि मुंबईत भाड्यानेच राहायचं असेल, तर जुनी बिल्डिंग घ्या. टॉवर ज्याने विकत घेतलाय त्याच्यासाठी ठीक आहे.

आधी कांदिवलीला टॉवरमध्ये पाच वर्षं काढली. वन बीएचके म्हणायला. बेडरूममध्ये पलंग आणि कपाट लावल्यावर दार अर्धंच उघडायचं. स्वयंपाकघरात एक माणूस वळला की दुसऱ्याने बाहेर जायचं. आता आहे ते घरही वन बीएचकेच, पण सत्तरच्या दशकातलं. स्वयंपाकघरात पाट मांडून तिघं जेवू शकतात, भांडी घासायला वेगळी मोरी आहे, प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या. भाडं ४२ हजार, डिपॉझिट दीड लाख. टॉवरमधल्या तितक्याच भाड्यात निम्मे पैसे लॉबीचे असतात. तलावात मी पाच वर्षांत दोनदा उतरलो, त्यातलं एकदा मेव्हणा आला होता म्हणून.

आणि स्टेशन. चालत आठ मिनिटं. कांदिवलीला संध्याकाळी स्टेशनवरून रिक्षाची रांग धरून पंचवीस मिनिटं जायची.

बोला.

एकविसावा

बोलतो. तुमची मोरी छानच असेल. पण आईला गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर दोन मजले कसे चढवायचे हे त्या मोरीत बसून ठरवा एकदा. आम्ही ठाकुर्लीला अशाच बिल्डिंगीत होतो. खुर्चीत बसवून चौघांनी उचललं तिला. शेजारी चांगले होते हे मान्य, नाहीतर उचललंच कोणी नसतं.

पाण्याचं काय? टॉवरमध्ये नळ कधीही सोडा, पाणी येतं. जुन्या बिल्डिंगीत खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पंप चालू करायला वॉचमन विसरला की सगळे बादल्या घेऊन जिन्यात. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गळती, गच्चीवर निळी ताडपत्री. भाडेकरूने तक्रार केली की मालक म्हणतो सोसायटीला सांगा, सोसायटी म्हणते मालकाला पाठवा.

रिक्षाची गोष्टही जुनी झाली. लिंक रोडवरच्या टॉवरवाल्यांना जानेवारी २०२३ पासून मेट्रो २अ थेट अंधेरी पश्चिमेपर्यंत आहे. स्टेशनपासून लांब म्हणून जी घरं स्वस्त होती, ती आता मेट्रोखाली आलीत.

पार्ल्याची सून

दुसऱ्या मजल्यावरचे दादा एक गोष्ट सोयीस्कर विसरलेत. जुनी बिल्डिंग म्हणजे उद्या पाडायची बिल्डिंग.

चार वर्षांत तीन घरं बदलली आम्ही, तिन्ही पार्ल्यात, तिन्ही जुनी. पहिल्यांदा अकरा महिने पूर्ण व्हायच्या आत मालकीणबाई म्हणाल्या, बिल्डर नेमला, मार्चपर्यंत रिकामं करायचंय. दुसऱ्यांदा तर करार करताना त्यांना ठाऊक होतं, आम्हाला सांगितलं नाही.

पुनर्विकासात जागामालकाला बिल्डर पर्यायी घराचं भाडं देतो, सामान हलवायचे पैसे देतो, नवं मोठं घर देतो. तुमच्याआमच्यासारख्या लिव्ह अँड लायसन्सवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर राहणाऱ्याला, काय मिळतं? महिन्याची नोटीस. त्यात गंमत अशी की एका सोसायटीतली चाळीस कुटुंबं एकाच महिन्यात बाहेर पडतात आणि सगळ्यांना मुलांच्या शाळेमुळे त्याच भागात घर हवं असतं. भाडं बिल्डर देणार, म्हणून ती घासाघीस फार करत नाहीत. त्यांच्यामागे रांगेत आपण. तीन गल्ल्यांत तीन सोसायट्या एकदम पाडायला निघाल्या तेव्हा ३८ हजाराचं घर बघताबघता ४८ ला गेलं.

म्हणून आता मी दलालाला आधी खोल्या विचारतच नाही. पहिला प्रश्न: सोसायटीत ७९अ ची, म्हणजे सहकारी संस्था कायद्याच्या त्या कलमाखालची पुनर्विकासाची, सभा झाली का? २०१९ च्या शासननिर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पूर्वी ७५ लागायची. त्यामुळे एकदा चर्चा सुरू झाली की पूर्वीइतकी वर्षानुवर्षं अडून राहत नाही. दुसरा प्रश्न: स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का आणि कुठल्या वर्गात टाकलंय. तीस वर्षांवरच्या इमारतीला ते करावंच लागतं. सी-१, म्हणजे धोकादायक, म्हटलं की तिथूनच परत फिरायचं.

दलालाला हे प्रश्न आवडत नाहीत. तो तुम्हाला "मॅडम, सूर्यप्रकाश बघा" म्हणतो.

दुसरा मजला

@पार्ल्याची सून: मुद्दा बिनतोड. पण त्याला एक पार्ल्याचाच उतारा आहे. विमानतळाच्या फनेल झोनमधल्या बिल्डिंगी बघा. विमानाच्या मार्गाखाली उंचीची मर्यादा असल्याने बिल्डरला वरचे मजले विकायला मिळत नाहीत, म्हणून तिथले पुनर्विकास वर्षानुवर्षं रखडलेत. मालकांचं रडणं ते आपलं स्थैर्य. वाईट वाटतं, पण आहे खरं.

एकविसावा

आणि रात्री दोनला डोक्यावरून विमान.

दुसरा मजला

पंधरा दिवसांत सवय होते. सोळाव्या दिवशी गावाला गेलं की झोप येत नाही.

करारवाली

(नोंदणी कार्यालयात ऊठबस असते, म्हणून लिहितेय.)

"अकरा महिने" हा मंत्र कशाला जपताय सगळे? वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या १९०८ च्या नोंदणी कायद्यातल्या तरतुदीवरून ती सवय पडली. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. म्हणजे अकरा महिन्यांनी तुमचं काहीच वाचत नाही, दरवर्षी खर्च मात्र नव्याने होतो. साठ महिन्यांपर्यंत करार करता येतो. शहरात नोंदणी फी १००० रुपये. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कम मिळवतात.

तेव्हा जुनी बिल्डिंग असो की टॉवर, छत्तीस महिने मागा, आणि निदान पहिल्या वर्षी तरी मालकाला घर रिकामं करायला सांगता येणार नाही असा लॉक-इन लिहून घ्या. मालकाने कां-कूं केलं तर पुनर्विकास दाराशी आहे असं समजा. ७९अ विचारण्यापेक्षा सोपी परीक्षा.

आणि मुदत संपल्यावर हट्टाने बसू नका. कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई लागू शकते.

गिरगावकर

चाळीचं नाव कोणी काढेना! आमच्या वाडीत दीडशे चौरस फुटांची खोली अजून मिळते. हेवी डिपॉझिट द्या, महिन्याचं भाडं शून्य किंवा नावापुरतं. गणपतीत दहा दिवस घरचं जेवण नको. चर्नी रोड पाच मिनिटं.

पार्ल्याची सून

@गिरगावकर: खोली पागडीची असेल ना? मग जो तुम्हाला भाड्याने देतो तो स्वतःच भाडेकरू. घरमालकाच्या संमतीशिवाय त्याला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. कोणी आलं तर "आमचे भाचे आहेत" सांगायचं ना?

गिरगावकर

भाचे नाही, पुतणे. पण मुद्दा पोचला.

नुकताच सुटलेला

हेवी डिपॉझिट वाचून हात शिवशिवले. आम्ही घाटकोपरला आठ लाख देऊन दोन वर्षं "फुकट" राहिलो. सोडताना मालक म्हणाला, नवा भाडेकरू आला की त्याच्या पैशातून देतो. नवा भाडेकरू आला, मालकाच्या मुलीचं लग्नही आलं. चौदा महिन्यांत सहा तुकड्यांत पैसे मिळाले, शेवटचे चाळीस हजार अजून "रंगकामात" अडकलेत. करार? होता. दीड लाखाचा. बाकी विश्वासावर.

ज्याला एकरकमी आठ लाखांची गरज आहे, तो माणूस ते आठ लाख कपाटात ठेवून बसत नाही, एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती.

तिघीजणी

इथे सगळे असे बोलतायत जणू घर आपण निवडतो. आम्ही तीन मुली, तिघींना नोकऱ्या. पार्ले, दादर, मुलुंड, सगळीकडच्या जुन्या मराठी बिल्डिंगी फिरलो. मालक तयार, सेक्रेटरी नाही. "मुली रात्री उशिरा येतात." हो, येतात, शिफ्ट असते. एका ठिकाणी मासे चालणार नाहीत, हे मराठी आडनावाच्या काकांनी सांगितलं. तुमच्या त्या जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांचा जिव्हाळा आमच्यापर्यंत येतो तेव्हा तो असा येतो.

शेवटी गोरेगावात टॉवर. ५४ हजार, तिघींत १८. कोणी ढुंकून बघत नाही. तेच हवं होतं.

करारवाली

@तिघीजणी: सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) सभासदाने जागा भाड्याने देताना सोसायटीला फक्त कळवायचं असतं. सोसायटीला बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, २००१ चा शासननिर्णय आहे. सेक्रेटरीची "परवानगी" हा नुसता दरारा.

तिघीजणी

ताई, कागदावर बरोबर. पण मालक सेक्रेटरीशी भांडायला तयार नसतो. त्याला दुसरा भाडेकरू संध्याकाळपर्यंत मिळतो.

एकविसावा

@तिघीजणी: बघा, हेच. टॉवरमध्ये शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं यावर सगळे गळे काढतात. नाव माहीत नसणं ही कित्येकदा सोय असते.

दुसरा मजला

मी हे लिहिताना आमच्या दोघांपुरता विचार केला होता, हे कबूल. तिघीजणींनी माझ्या जिन्याची हवा काढली.

पण घराच्या आकाराबद्दल मी हटणार नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने (घरखरेदीदारांसाठीचा कायदा) विक्रीसाठी कार्पेट एरिया, म्हणजे आतली प्रत्यक्ष वापराची जागा, सांगणं बंधनकारक केलं. भाड्याच्या बाजारात दलाल अजून "साडेसहाशे चौरस फूट" म्हणतो आणि आत साडेतीनशे निघतात. टॉवर बघायला जाल तेव्हा टेप न्या आणि जाहिरातीत कपाटाशिवाय दाखवलेल्या बेडरूममध्ये मनातल्या मनात कपाट ठेवून बघा. वॉशिंग मशीन कुठे येतं तेही.

एकविसावा

टेप घेऊन या आमच्याकडे. चहा देतो. आईसाठी लिफ्ट आहे, तुम्हीही वापरा.

पार्ल्याची सून

तो नाशिकचा मुलगा राहिलाच की. काय घेतलं त्याने?

दुसरा मजला

टॉवर. बायकोने ठरवलं. कारण पोहण्याचा तलाव नव्हे, तर तिला अंधेरीहून मेट्रो थेट आहे आणि रात्री खाली वॉचमन असतो. काल फोन होता, शनिवारी कपाट लावायला बोलावलंय, कारण रविवारी सामान चढवायला सोसायटी देत नाही.

तिघीजणी

म्हणजे पार्ल्याची ती तुम्ही दाखवलेली जागा रिकामीच आहे? लिफ्ट नसली तरी चालेल. विमानंही चालतील. मुली चालतात का, आणि सुरमई?

दुसरा मजला

मालकांना आज रात्री विचारतो, ते स्वतः वसईचे आहेत, सुरमईचा प्रश्न येणार नाही. तळमजल्यावरच्या काकूंचं मात्र मला काही सांगता येत नाही.