रॉड-स्क्रू असले तरी एमआरआय निघतो
वर कोणी विचारलंय की मणक्यात रॉड बसवलेत तर एमआरआय करून काही फायदा आहे का. आहे ना भाऊ. आमच्या आबांचा भुसावळचा पहिला स्कॅन बघितला तर स्क्रूच्या जागी नुसता काळा डाग आणि कडेला पांढरी चकाकी, मज्जारज्जू दिसेचना. मग जळगावला टेक्निशियनला आधीच सांगितलं, त्याने ३ टेस्ला (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) सोडून १.५ वर घेतलं कारण फील्ड जास्त तेवढी धातूची गडबड जास्त, बँडविड्थ (सिग्नल वाचायचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) वाढवली, फॅट-सॅट म्हणजे चरबीचा सिग्नल दाबायची नेहमीची पद्धत, तिच्याऐवजी धातूजवळही चालणारी स्टिर पद्धत लावली. वेळ लागला, आबा आत कुरकुरत होते, पण चित्र बरंच साफ आलं. सेमॅकवालं (धातूची गडबड कमी करणाऱ्या खास स्कॅन-पद्धतीचं) मशीन मिळालं तर अजून बरं. ऑपरेशनचे कागद सोबत न्या, टायटॅनियम की स्टील ते कळलं पाहिजे, स्टील जास्त त्रास देतं.