गावात राहून लघु माहितीपट करताना पोटापाण्याचे आणि हक्कांचे काय?

प्रश्न : साकोलीकर

नमस्कार. मी साकोली तालुक्यातील एका खेड्यात राहतो. सहा वर्षांपासून लग्नाच्या ऑर्डरी घेऊन घर चालवतो आणि लग्नसराई ओसरली की तोच कॅमेरा घेऊन गावच्या मामा तलावावर जातो. (बाहेरच्या वाचकांसाठी : मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, ताब्यातले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले, नाव मात्र तेच राहिले.) दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे मी तेथील मासेमारी करणाऱ्या ढीवर कुटुंबांसोबत काढले आहेत. बेशरमाची झुडपे कशी आत सरकली, गाळ कुठवर आला, पूर्वी जाळ्यात येणारी मासळी आता का येत नाही, हे ती माणसे कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मला दाखवतात. असे सुमारे ४० तासांचे चित्रण जमले आहे.

आता एका संस्थेने यातून १२ मिनिटांचा माहितीपट करून मागितला असून ८० हजार रुपये देऊ केले आहेत. घरी बहिणीचे लग्न ठरले आहे, त्यामुळे ही रक्कम मला लहान नाही. पण मला पुढेही हेच काम करायचे आहे. हे पैसे घ्यावेत का? आणि गावात राहून हे जमते, की मुंबई गाठावी?

उत्तर : वर्ध्याहून

पैसे जरूर घ्या, मात्र करार नीट वाचल्याशिवाय सही करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन चित्रपट करवून घेतला आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या चित्रपटाचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. तुमचे चित्रण या मागणीच्या आधीचे आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे; ती कागदावर आली पाहिजे. तयार माहितीपट संस्थेचा, मूळ चित्रण माझे, आणि त्यातून स्वतंत्र माहितीपट करण्यास मी मोकळा, एवढे स्पष्ट लिहून घ्या. हार्ड डिस्क कोणाच्याही हाती देऊ नका.

हे कळकळीने सांगण्याचे कारण असे. पंधरा वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यात मी एका संस्थेसाठी काम केले, तेव्हा कापूस वेचणाऱ्या एका आजीने पहाटे जात्यावर बसून सलग अर्धा तास ओव्या म्हटल्या होत्या. ओवी संपली तरी त्यांचा हात खुंट्यावर फिरतच होता, आणि मध्येच थांबून त्यांनी पदराने जात्याची कड पुसली. संस्थेच्या माहितीपटात त्यातील फक्त नऊ सेकंद आले. मूळ चित्रण मी देऊन बसलो होतो. पुढे मागितले तेव्हा ते मिळाले नाही, आणि तोपर्यंत आजीही राहिल्या नव्हत्या.

मुंबईचे म्हणाल, तर संकलनाचे काम शिकण्यासाठी वर्षभर जाऊन या, हरकत नाही. पण तुमच्याकडे जे आहे, ते चार दिवसांसाठी येणाऱ्या चमूला मिळत नाही. माझ्या ओळखीत केवळ स्वतःच्या माहितीपटांवर घर चालवणारा एकही जण नाही; मीसुद्धा संस्थांची कामे करतो आणि शिकवतो. त्यामुळे लग्नाच्या ऑर्डरींचा कमीपणा वाटू देऊ नका. त्याच तुम्हाला तलावावर जाण्याची सवड मिळवून देतात.

उत्तर : संकलक, नागपूर

एक विनंती आहे. तुमच्या लोकांना पुस्तकी मराठीत बोलायला लावू नका. तुमच्या भागाची झाडीबोली जशी आहे तशी राहू द्या आणि उपशीर्षके स्वतः लिहा, कारण ‘पाळ’ (तलावाचा मातीचा बांध) या एका शब्दासाठी बाहेरचा माणूस ‘भिंत’ लिहून मोकळा होतो. दुसरे म्हणजे आवाज. पहाटे माणसे नसताना तलावाचा आवाज पाच मिनिटे सलग ध्वनिमुद्रित करून ठेवा. डोंग्याच्या कडेला पाणी लागते तो आवाज आणि पाळीवरचा वारा संकलनात पदोपदी लागतो, आणि तो नंतर कुठून आणता येत नाही.

उत्तर : चंद्रपूरची वाचक

कराराइतकेच महत्त्वाचे आहे ते ज्यांचे चित्रण केले त्यांचे. तलावाचा मासेमारीचा ठेका हा अनेक गावांत तंट्याचा विषय असतो; कॅमेऱ्यासमोर विश्वासाने बोललेले एखादे वाक्य उद्या त्याच माणसाच्या अंगाशी येऊ शकते. म्हणून माहितीपट संस्थेला देण्याआधी चावडीवर पडदा लावून त्या कुटुंबांना दाखवा, आणि जे काढा म्हणतील ते काढा. आम्ही तसे केले, तेव्हा एका बाईंनी स्वतःच्या कर्जाचा आकडा वगळायला सांगितला. माहितीपटाचे त्यात काही बिघडले नाही.

महोत्सवांसाठी पाठवायचा असेल, तर आधी यूट्यूबवर टाकू नका. काही महोत्सव असे चित्रपट घेत नाहीत. माहितीपटांसाठी १९९० पासून मुंबईत भरणारा ‘मिफ’ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आणि २००८ पासूनचा केरळचा लघुपट-माहितीपट महोत्सव, यांपासून सुरुवात करा. दरमहा बक्षिसे वाटणाऱ्या, शुल्क घेणाऱ्या ऑनलाइन महोत्सवांवर पैसा घालवू नका. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र ज्या वर्षाचा पुरस्कार त्याच कॅलेंडर वर्षातील लागते, हेही लक्षात असू द्या.

साकोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल संस्थेशी बोललो. मूळ चित्रण माझ्याकडे राहील, हे त्यांनी मान्य केले. स्वतंत्र माहितीपटाच्या अटीवर मात्र ते विचार करून कळवणार आहेत. लेखी येईपर्यंत मी सही करणार नाही, असे बाबांना सांगितले आहे. ते थोडे नाराज झाले, पण बहिणीने माझी बाजू घेतली. चंद्रपूरच्या ताई, पाळीवर पडदा लावायला जागा आहे. धानाची कापणी आटोपल्यावर दाखवावा, असे तेथील मंडळींनीच सुचवले. एक मात्र विचारायचे राहिले : ज्या काकांचे सर्वाधिक चित्रण आहे, ते दिवसभर माझ्यासोबत असले की त्यांचा रोज बुडतो. या ८० हजारांतून त्यांना काही द्यावे असे मला वाटते. ते कशा रीतीने द्यावे, म्हणजे त्यांना ते बोलण्याचे मोल वाटणार नाही?

उत्तर : वर्ध्याहून

जितके दिवस बुडाले त्यांचा हिशेब त्यांच्याच सोबतीने मांडा आणि मजुरी म्हणून द्या. मी तसेच देतो. मुलाखतीचे पैसे म्हणून कधी देत नाही.