मदत हवी आहे: अण्णांच्या आठवणीत गो-कार्ट शर्यत, वजनाचं गणित जमेना

राम राम मंडळी. आमच्या जळगावच्या गो-कार्टवाल्या टोळक्यातले अण्णा पावसाळ्यात गेले. डिसेंबरात एका शनिवार-रविवारी त्यांच्या आठवणीत घरगुती शर्यत ठेवतोय. बक्षीस-बिक्षीस काही नाही. शनिवारी रात्री शेतात भरीत-पार्टी मात्र पक्की.

अडचण वजनाची. भाड्याच्या फोर-स्ट्रोक गाड्या सारख्याच, पण चालवणारे ५२ किलोपासून ९६ किलोपर्यंत! हलक्यांना शिशाच्या पट्ट्या लावायचं ठरलं होतं. पण ४४ किलो शिसं एका सीटला बांधणार कसं? कार्टला डिफरेन्शियल (वळताना मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नसतं. वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच ती नीट वळते. वजन चुकीच्या जागी बसलं की नांगरासारखी सरळ जाते. मग दोन वजनगट करावेत, की एक जड-एक हलका अशा जोड्या लावून लांब पल्ल्याची शर्यत घ्यावी? कुणी केलंय का असं?

आणखी एक. सुरुवातीला पुढची पहिली जागा अण्णांसाठी मोकळी ठेवायची म्हणतोय. वहिनी म्हणतात, तिथे लेकीला बसवा. पटतं मला, मोकळी जागा दिसली की अण्णा स्वतःच घुसायचे. पण पोरगी नवखी आहे. तिला एकटीला एक फेरी मारू द्यावी, की सगळ्यांनी हळू तिच्या मागून जावं?