एक कडक, एक मवाळ: मुलांसोबत काम करणाऱ्यांचे अनुभव

हे आमंत्रण मुलांसोबत रोज काम करणाऱ्यांना आहे: बालवाडीच्या ताई, शिक्षक, समुपदेशक, डॉक्टर. स्वतःच्या घरची कहाणी नको. आई एका टोकाला आणि बाबा दुसऱ्या टोकाला असले की मूल त्यातून काय उचलतं, ते कुठे दिसतं आणि नेमकं काय केल्यावर फरक पडतो, एवढंच लिहा. 'दोघांनी एकमताने वागावं' या वाक्याला इथे बंदी. ते सगळ्यांना पाठ आहे आणि कुणालाच जमत नाही.

समुपदेशक, बालमार्गदर्शन केंद्र

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. कडक आणि मवाळ ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे आईवडील पाहून पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या मानसशास्त्रज्ञांनी त्या दोन पट्ट्यांवर बसवल्या आणि चौथी जोडली. एक पट्टी माया आणि दखल यांची, दुसरी अपेक्षा आणि शिस्त यांची. शिस्त भरपूर पण माया जाणवत नाही ते हुकूमशाही घर, माया भरपूर पण शिस्तीचा पत्ता नाही ते लाडाचं, दोन्ही नाही ते दुर्लक्षाचं, आणि दोन्ही असलेलं मुलाला सगळ्यात मानवतं. म्हणजे कडक बाप मायाळू असू शकतो, आणि मवाळ वाटणारी आई प्रत्यक्षात नुसती दमलेली असू शकते. म्हणून 'हे फार कडक आहेत' अशी तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न असतो: नियम कडक की आवाज कडक?

पुढची गोष्ट जोडप्यांना पटायला वेळ लागतो. बऱ्याच घरांत दोघं मुलाला उत्तर देतच नसतात, एकमेकांना देत असतात. बाबा ओरडले म्हणून आई चॉकलेट देते. आईने चॉकलेट दिलं म्हणून बाबा पुढच्या वेळी आणखी वरच्या पट्टीत. दोन-तीन वर्षांत दोघंही स्वतःच्या मूळ स्वभावापासून लांब गेलेले असतात. खूण सोपी आहे: आई आठवडाभर माहेरी गेली की बाबा मऊ होतात, बाबा दौऱ्यावर गेले की आईचा शब्द पक्का होतो.

यावर सात दिवसांची वही ठेवायला सांगतो. पाच रकाने: वेळ, मुलाने काय मागितलं, पहिला निर्णय कुणाचा, तो कुणी फिरवला, फिरायला किती मिनिटं लागली. वह्या दोघांच्या वेगळ्या हव्यात, एकाच वहीत लिहिलं की तिचं आरोपपत्र होतं. आठव्या दिवशी फक्त चौथा रकाना मोजायचा. फिरवलेले निर्णय बहुधा दोन-तीन विषयांतच साठलेले सापडतात: मोबाइल, जेवण, झोप. भांडण अख्ख्या स्वभावाचं वाटत असतं, निघतं रात्री साडेनऊचं.

मग घरातले सगळे नियम चिठ्ठ्यांवर लिहून तीन ढीग करायचे. पहिला जिवाशी संबंधित: रस्ता, गॅस, गच्ची, मारामारी. तिथे चर्चा नाही. दुसरा रोजचा, यात जास्तीत जास्त चार चिठ्ठ्या, आणि त्या दोघांना जमतील अशाच. उरलेलं सगळं तिसऱ्या ढिगात, तिथे ज्याची त्याची पद्धत. आईसोबत सोफ्यावर बसून खाल्लेलं चालतं, बाबांसोबत नाही, याने मुलाचं काही बिघडत नाही. चुकतं कुठे? दुसऱ्या ढिगात चारच्या जागी चौदा चिठ्ठ्या जातात, आणि पंधरा दिवसांत एकही उरत नाही.

बालवाडी ताई, अडीच ते पाच वर्षांचे वर्ग

आमच्याकडे हे फाटकातच दिसतं. एक पालक मूल आत सोडून खिडकीतून डोकावत राहतो, दुसरा हात सोडवून मागे न बघता जातो. मूल एकच, पण एकासोबत वीस मिनिटं रडतं आणि दुसऱ्यासोबत तीन. लगेच अर्थ लावला जातो, 'आईनेच लाडावलंय'. खरं कारण निरोपाची लांबी. ज्याचा निरोप लांबतो त्याच्याकडे परत घरी नेण्याची आशा असते, आणि मूल त्या आशेवर रडतं.

उपाय: पहिले दोन आठवडे सोडायला एकानेच यायचं. निरोपाचं वाक्य रोज तेच. 'डबा खाऊन झाला, गाणं झालं की मी दारात.' वेळ घड्याळाची सांगू नका, या वयाला साडेअकरा कळत नाहीत, डबा कळतो. न सांगता गुपचूप निघून जाणं सगळ्यात वाईट. त्या दिवशी रडणं वाचतं, पण नंतर मूल वर्गात खेळताना सारखं दाराकडे बघत बसतं.

आणखी एक. काही मुलं रंगाचा खडू उचलायच्या आधीही मोठ्या माणसाचा चेहरा बघतात. सकाळी विचारतात, 'आज न्यायला कोण येणार?' आणि उत्तरावर त्यांचा दिवस ठरतो. अशा मुलाला काय चालतं हे कळत नाही, कुणासमोर काय चालतं एवढंच कळतं. त्याला आम्ही चेहऱ्याऐवजी वस्तू देतो: भिंतीवर चार चित्रं, हात धू, चटई, डबा, पाणी. नियम चित्राचा झाला की तो ताईचा किंवा आईचा राहत नाही. घरी फ्रिजवर हेच करता येतं.

बालरोगतज्ज्ञ

दवाखान्यात दोन टोकं ताटावर भेटतात. एक जण मोबाइल दाखवत तासभर मागे फिरून भरवतो. दुसरा म्हणतो, उपाशी राहू दे, भूक लागली की खाईल. दोघांचं अर्धं बरोबर. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती हे मुलाने. दोन खाण्यांत अडीच-तीन तास, मध्ये पाण्याशिवाय काही नाही. जेवण २० ते ३० मिनिटं, मग ताट उचलायचं, बोलणी न लावता. एक वर्षानंतर दिवसाचं दूध ५०० मिलिलिटरच्या आसपास थांबवा. जास्त दुधाने पोट भरतं, वरणभात मागे पडतो आणि लोह कमी होतं. हे सुरू केल्यावर पहिले दोन-तीन दिवस मूल कमी खातं, आणि नेमकं तेव्हाच दोघांपैकी एकाचा जीव खालीवर होऊन बिस्किटचा पुडा फुटतो. मात्र वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेघ घसरत असेल तर हा प्रयोग घरच्या घरी करू नका, आधी तपासून घ्या.

मोबाइलचंही तसंच. दोन वर्षांच्या आत शून्य, दोन ते पाच दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. बंद केल्यावर हट्ट आधी वाढतो, मग ओसरतो. आता समजा तीन दिवस दोघांनी तग धरला आणि चौथ्या दिवशी पाहुण्यांसमोर रडला म्हणून एकाने हातात दिला. मूल शिकलं की दहा मिनिटं नाही, चाळीस मिनिटं रडलं की मिळतं. कधी मिळणं, कधी न मिळणं ही सवय सगळ्यात चिवट. मटका लावणाऱ्याला रोज आकडा लागत नाही, म्हणूनच तो रोज लावतो. ज्याला चौथ्या दिवशी टिकणार नाही हे माहीत आहे, त्याने पहिल्याच दिवशी सांगावं. मग नियम 'शून्य'ऐवजी 'संध्याकाळी २० मिनिटं' असा ठेवू. सैल पण न फिरणारा नियम हा कडक पण फिरणाऱ्या नियमापेक्षा कधीही बरा.

मानसशास्त्राचे प्राध्यापक

सगळ्याचं खापर आईबापांवर फोडण्याआधी थोडं थांबा. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यू यॉर्कमध्ये मुलांचा तान्हेपणापासून पाठपुरावा केला. साधारण ४० टक्के मुलं सोपी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी, बाकीची मिश्र. हे आईबापांची पद्धत ठरायच्या आधीचं. जुळ्यांच्या अभ्यासांत स्वभावातल्या फरकांपैकी ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडला जातो, आणि एका घरात वाढली म्हणून भावंडं स्वभावाने फारशी सारखी होत नाहीत. शिवाय कारण उलट्या दिशेनेही वाहतं: तापट मूल बापाला कडक करतं, बुजरं मूल आईला हळवं करतं.

मग पद्धतीने काय बदलतं? थॉमस-चेस यांचा मुद्दा मेळाचा होता: मुलाचा स्वभाव आणि मोठ्यांच्या अपेक्षा जुळतात का. हळूहळू रुळणाऱ्या मुलाला लग्नाच्या मांडवात 'जा, काकांना नमस्कार कर' म्हणून ढकललं की ते आणखी आक्रसतं. त्याला कुणी पाठीशीच घालत राहिलं तरी ते तिथेच राहतं. दहा मिनिटं कडेला उभं राहू द्यावं, मग सोबत न्यावं. इथे दोन पालकांची दोन टोकं उपयोगी पडू शकतात, एकाने थांबायचं, दुसऱ्याने न्यायचं. फक्त क्रम ठरलेला हवा.

माध्यमिक शिक्षिका

आठवी-नववीत हे प्रगतिपुस्तकाच्या सहीवर येतं. एका घरात सही नेहमी आईचीच, आणि खाली मुलाचं वाक्य: 'बाबांना फोन करू नका ना मॅडम.' 'बाबांना सांगू नकोस' ही आईने मायेने दिलेली सवलत असते. मुलगा मात्र त्यातून धंदा शिकतो: कुठली बातमी कुणाला, किती आणि कधी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची सराईत खोटी उत्तरं बहुधा घाबरटपणातून आलेली असतात, लबाडीतून कमी.

हे मोडायचं तर गुपिताला मुदत द्या. 'उद्या रात्रीपर्यंत तू स्वतः सांग, मी शेजारी बसेन.' त्याच वेळी बाबांकडून एक गोष्ट कबूल करून घ्या: ऐकल्यावर पहिली पाच मिनिटं शिक्षा नाही, फक्त प्रश्न. दुसरं केल्याशिवाय पहिलं करू नका. एकदा खरं बोलून फटका बसला की पुढची दोन वर्षं गेली.

दुसऱ्या टोकाचे पालक शाळेत येऊन सांगतात, 'तुम्ही दोन द्या बिनधास्त, माझी परवानगी आहे.' शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. ती परवानगी पालकाची नसतेच.

आणि एक बारीक गोष्ट कुणी लिहिली नाही. कडक-मवाळ हा फरक कधी आई-बाबांत नसतो, मुलगा-मुलगीत असतो. तोच बाप मुलाला क्रिकेटवरून साडेआठला येऊ देतो आणि मुलीला क्लासवरून सातला. वर लिहिलेल्या वहीत सहावा रकाना घाला: कुणासाठी.

विवाह समुपदेशक, कौटुंबिक दाव्यांत काम

वेगळे राहणारे पालक घाबरतात की दोन घरांत दोन नियम म्हणजे मूल बिघडणार. सहा-सात वर्षांचं मूल शाळेत एक आणि मामाकडे दुसरं वागतं, तसं दोन घरांचंही सांभाळतं. त्रास वेगळ्याच गोष्टींचा होतो: निरोप मुलाहाती पाठवणं ('बाबांना सांग, फी भरा'), परतल्यावर उलटतपासणी, आणि 'रविवारचे बाबा' होऊन दोन दिवसांत सगळ्या आठवड्याचे लाड उरकणं. तिसऱ्याने सोमवार सकाळ दुसऱ्या घराच्या माथी येते.

मुलासोबत एक छोटी डायरी फिरवा. त्यात चारच ओळी: झोप किती वाजता, औषध दिलं का, राहिलेला अभ्यास, काही लागलं-खुपलं का. मत लिहायचं नाही, 'नेहमीप्रमाणे उशिरा' हेसुद्धा नाही. परत आल्यावर पहिला तासभर प्रश्न विचारू नका, खायला द्या.

पालकशाळा घेणारी कार्यकर्ती

एकत्र कुटुंबात पालक दोन नसतात, चार-पाच असतात. आजीच्या पदराआड गेलेलं मूल बाहेर काढायला सून गेली की प्रश्न मुलाचा राहत नाही. आजीशी तिच्या मुलाने बोलावं, सुनेने नाही. आणि मनाई सांगण्याऐवजी काम सोपवावं: 'आई, दुपारचं गोड तुमच्याकडे. जेवल्यावर, एकच.' लाड करायचा हक्क काढून घेतला की तो चोरून बजावला जातो. वेळ आणि माप ठरवून दिलं तर आजीच मापाची राखण करते.

समुपदेशक, पुन्हा

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. जोडीदार भरकटतोय असं वाटलं तर मुलासमोर निकाल फिरवू नका. एक सांकेतिक वाक्य आधी ठरवा, उदाहरणार्थ 'गॅस बंद केला का बघा जरा.' ऐकणाऱ्याने खोलीबाहेर जायचंच, वाद न घालता. अपवाद फक्त हात उचलण्याचा. तिथे संकेत नाही, एकी नाही, सरळ मध्ये पडायचं.

आणि मूल दुसऱ्याकडे मागायला आलं की: 'आईला विचारलंस? काय म्हणाली?' 'नाही' म्हणाली असेल तर 'मग आत्ता नाहीच. पटत नसेल तर मी रात्री तिच्याशी बोलतो.' यातला 'बोलतो' पाळायला हवा. सकाळी आईने स्वतःच्या तोंडाने सांगावं, 'बाबा बोलले माझ्याशी, शनिवारी चालेल.' हे बाबांनी जाहीर केलं तर डाव फसतो, कारण आदल्या दिवशी नाही म्हणणारी आई पुन्हा वाईट ठरते आणि होकार बाबांच्या खात्यात जमा होतो.